म्यूल ३ वरून म्यूल ४ वर जाताना

प्रश्न : आमच्या विक्री आणि हिशेब या दोन प्रणाली म्यूलसॉफ्टच्या क्लाउड प्लॅटफॉर्मवरून जोडलेल्या आहेत. नुसती रनटाइमची, म्हणजे ॲप्लिकेशन्स चालवणाऱ्या म्यूल या इंजिनाची, आवृत्ती बदलून म्यूल ३ वरची ॲप्लिकेशन्स म्यूल ४ वर चालतील का?

उत्तर : चालणार नाहीत. म्यूल ४ मध्ये संदेशाची रचनाच बदलली असून संदेशासोबत येणारी जादा माहिती ठेवणाऱ्या इनबाउंड प्रॉपर्टीजची जागा ॲट्रिब्यूट्सनी, तर संदेशातली मूल्ये वाचण्यासाठीच्या जुन्या 'मेल' (म्यूल एक्स्प्रेशन लँग्वेज) या भाषेची जागा डेटावीव्ह २.० ने घेतली आहे. त्यामुळे व्हेरिएबल्ससाठी 'फ्लोव्हार्स' असे लिहिलेले प्रत्येक ठिकाण 'व्हार्स' करावे लागते. कंपनीचे मायग्रेशन असिस्टंट हे साधन बराच कोड रूपांतरित करून देते आणि सोबत अहवालही काढते. तो अहवाल ओळन् ओळ वाचावा, कारण खरे काम तिथूनच सुरू होते. विशेषतः एचटीटीपी रिक्वेस्टनंतर आधीचा पेलोड (संदेशातला मुख्य मजकूर) आणि ॲट्रिब्यूट्स पुसले जातात, हे ध्यानात ठेवून पुढे लागणारे मूल्य आधीच व्हेरिएबलमध्ये ठेवावे किंवा उत्तर 'टार्गेट' व्हेरिएबलमध्ये घ्यावे. सगळी ॲप्लिकेशन्स एकदम हलवण्याच्या फंदात पडू नये. कमी वर्दळीचे एखादे आधी चाचणीच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये चालवावे आणि जुन्या-नव्याची उत्तरे एकाच इनपुटवर ताडून पाहावीत.