चांदीची नाणी विकताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घरातल्या जुन्या पेटीत चांदीच्या नाण्यांची पुरचुंडी सापडली. गहाणवटीच्या दुकानात नेली, तर दुकानदाराने सगळी एकदम काट्यावर ओतली आणि एक आकडा सांगितला. तो रास्त होता की नाही, हे कसं ओळखायचं?

उत्तर : ढिगाला सांगितलेला भाव कधीही घेऊ नका. नाणी खरेदी करणाऱ्याच्या खुर्चीत मी बरीच वर्षं काढली आहेत, आणि विकणाऱ्याचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होताना पाहिलं आहे. ढीग झाला की त्यातल्या सगळ्यात कमी चांदीच्या नाण्याचा भाव सगळ्यांना लागतो.

सहाव्या जॉर्जचा मुखवटा असलेले दोन रुपये शेजारी ठेवून बघा, एक 1938चा आणि एक 1944चा. दोघांचं मूळ वजन सारखंच, 11.66 ग्रॅम. पण पहिल्यात चांदी 91.7 टक्के, म्हणजे सुमारे 10.7 ग्रॅम आणि दुसऱ्यात फक्त निम्मी, 5.83 ग्रॅम. 1940पासून रुपयातली चांदी कमी केली गेली आणि 1947चा रुपया तर निव्वळ निकेलचा आहे. ब्रिटिश शिलिंगची गोष्टही तशीच. 1919पर्यंत 92.5 टक्के चांदी, 1920 ते 1946 निम्मी आणि 1947पासून शून्य. अमेरिकेची रोजच्या चलनातली डाइम (दहा सेंट), क्वार्टर (पाव डॉलर) आणि अर्धा डॉलर ही नाणी 1964पर्यंत 90 टक्के चांदीची होती. 1965 ते 1970च्या अर्ध्या डॉलरमध्ये 40 टक्के चांदी आहे. म्हणून घरीच कागद घ्या, नाणी साल बघून वेगळी करा आणि प्रत्येक गटाचं वजन करा.

मग साधा हिशेब. वजन गुणिले शुद्धता म्हणजे निव्वळ चांदी. जागतिक बाजारातला भाव औंसाला सांगतात, पण हा सराफी औंस 31.1 ग्रॅमचा असतो, 28.35चा नव्हे. औंसाच्या भावाला 31.1ने भागलं की ग्रॅमचा भाव निघतो, आणि त्याला निव्वळ चांदीने गुणलं की तुमच्या नाण्यांची धातू म्हणून किंमत. हा आकडा खिशात घेऊनच दुकानाची पायरी चढा.

दुकानदार तेवढे पैसे देणार नाही, आणि त्यात लबाडी नाही. त्याला वितळवण्याचा खर्च आहे, भाव उतरण्याची जोखीम आहे, दुकानाचं भाडं आहे. तो देऊ करतो त्या रकमेला तुमच्या आकड्याने भागा आणि शंभरने गुणा. आलेली टक्केवारी कागदावर लिहा, मग दुसऱ्या आणि तिसऱ्या दुकानात जा. जुन्या नाण्यांचा व्यापारी गाठता आला तर त्यालाही विचारा. त्याला नाण्यांचं गिऱ्हाईक ठाऊक असतं, गहाणवटीवाल्याला बहुतेकदा फक्त धातूचं. तीन टक्केवाऱ्या समोर आल्या की रास्त कोण, हे मला विचारावं लागणार नाही.

प्रश्न : नाणी काळी पडली आहेत. विकण्याआधी घासून चकचकीत करू का?

उत्तर : मुळीच नको. एक बाई माझ्याकडे मॉर्गन डॉलर, म्हणजे अमेरिकेचं जुनं चांदीचं एक डॉलरचं नाणं, घेऊन आल्या होत्या. भाव चांगला यावा म्हणून त्यांनी टूथपेस्टने तो घासला होता. नाणं आरशासारखं चमकत होतं, पण भिंगाखाली बघितलं तर गालावर, केसांवर, अक्षरांच्या कडांवर बारीक समांतर ओरखडेच ओरखडे. संग्राहकाला हवी असते ती वर्षानुवर्षं जमलेली झाक, आणि तीच निघून गेली होती. त्या डॉलरला केवळ 24 ग्रॅम चांदीचे पैसे मिळाले. त्यांना ते सांगताना मला फार वाईट वाटलं, कारण घासलेलं नाणं पूर्ववत करण्याचा काही उपाय नाही. नाणं कडेने धरा, चेहऱ्याला बोट लावू नका आणि आहे तसंच न्या.

प्रश्न : माझी काही नाणी धातूपेक्षा जास्त मोलाची असतील का?

उत्तर : साल, टांकसाळीची खूण आणि नाण्याची अवस्था या तीन गोष्टींवर ते ठरतं. 1893चा मॉर्गन डॉलर घ्या. त्याच्या मागच्या बाजूला पानांच्या चक्राखाली ‘एस’ हे बारीक अक्षर असेल, तर तो सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीचा. तिथे त्या वर्षी असे एक लाखच पाडले गेले. 1939चा रुपयाही असाच दुर्मीळ. पण अशा नाण्यांच्या नकलाही भरपूर फिरतात, तेव्हा हुरळून जाऊ नका आणि घाईने विकूही नका. आधी जाणकार व्यापाऱ्याला दाखवा. गहाणवटीच्या दुकानात अशा नाण्याचं मोल होण्याची शक्यता कमीच.

प्रश्न : दुकानदार म्हणतो, नाणी खोटी आहेत. त्याच्यावर विश्वास ठेवू?

उत्तर : कशावरून, ते विचारा. खरा जाणकार कारण सांगतो. चांदीला लोहचुंबक ओढत नाही, हे खरं, पण तांबं आणि शिसंही चुंबकाला चिकटत नाही. त्यामुळे एवढ्यावर निकाल लागत नाही. वजन आणि व्यास एकत्र बघा. चांदीची घनता 10.49 आहे, म्हणजे एक घन सेंटिमीटर चांदी 10.49 ग्रॅम भरते. हलक्या धातूचं नाणं वजनात बसवायचं तर ते जाड किंवा मोठं करावं लागतं. एक औंसाचा अमेरिकन ईगल (अमेरिकेचं चांदीचं नाणं) 40.6 मिलिमीटर व्यासाचा असतो आणि त्याचं वजन 31.1 ग्रॅम भरतं. दुकानात क्ष-किरणांचं तपासणी यंत्र असेल, तर तुमच्या डोळ्यांसमोर लावायला सांगा, पण ते प्रामुख्याने वरच्या थराचीच तपासणी करतं, हे ध्यानात ठेवा. कानस लावू देऊ नका. आणि ‘जर्मन सिल्व्हर’ असं कुणी सांगितलं तर ऐकून घ्या. त्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदी अजिबात नसते.

प्रश्न : काट्यावर काय फसवणूक होऊ शकते?

उत्तर : काटा तुमच्याकडे तोंड करून असावा आणि रिकामा असताना शून्य दाखवावा. मग एककाकडे बघा. काही ठिकाणी ग्रॅमऐवजी पेनीवेटमध्ये वजन करतात. एक पेनीवेट म्हणजे 1.555 ग्रॅम. वजन पेनीवेटमध्ये आणि भाव ग्रॅमचा लावला, तर तुमची एक तृतीयांशाहून जास्त चांदी हिशेबातून निसटते. आकडा लहान दिसला की थांबा आणि “हे ग्रॅम आहेत का?” असं स्पष्ट विचारा. झिजलेल्या नाण्यांचं वजन थोडं कमी भरणारच. अमेरिकेत 90 टक्क्यांच्या डाइम, क्वार्टर आणि अर्ध्या डॉलरच्या नाण्यांमध्ये एका डॉलरच्या दर्शनी किमतीमागे नव्याकोऱ्या स्थितीत 0.7234 औंस चांदी असते, व्यापारात मात्र 0.715 धरतात. एवढी घट मान्य करायला हरकत नाही.

प्रश्न : विकू की गहाण ठेवू?

उत्तर : नाणी परत हवी असतील तरच गहाण ठेवा. कर्ज देताना दुकानदार हात राखून देतो, म्हणजे खरेदीपेक्षा कमी रक्कम हाती येते आणि वर व्याज चालू होतं. मुदत उलटली की नाणी त्याची. सोडवून आणण्याचा विचारच नसेल, तर विकून मोकळे व्हा. गहाण ठेवायचंच ठरलं, तर पावतीवर ‘चांदीची नाणी, अमुक ग्रॅम’ एवढंच लिहून घेऊ नका. प्रत्येक नाण्याचं साल, खूण आणि वजन नोंदवून घ्या, आणि देण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. परत मिळालेली नाणी तीच आहेत की नाहीत, हे त्याशिवाय सिद्ध करता येत नाही.