इंग्रजी वाक्प्रचार पाठ असूनही बोलण्यात आले की अर्थ का लागत नाही?

तुम्ही म्हणता, यादी तोंडपाठ आहे, पण समोरचा बोलायला लागला की गाडी अडते. माझंही बरीच वर्षं हेच होत होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'सारखे वाक्प्रचार खरं तर त्रास देत नाहीत. आभाळातून कुत्री-मांजरं पडत नाहीत, त्यामुळे ऐकताक्षणी आपण सावध होतो. दगा देतात ते साध्यासुध्या शब्दांचे. एकदा सहकाऱ्याला म्हणालो, हे काम फार किचकट आहे. तो म्हणाला, 'टेल मी अबाउट इट.' मी पहिल्यापासून सगळं सांगायला घेतलं आणि तो गोंधळून बघत राहिला. त्याला म्हणायचं होतं, 'मला काय सांगतोस!' बघा, आपल्या मराठीतही शब्द जवळजवळ उलटे आणि भाव तोच. तसंच 'आय कुड डू विथ अ ब्रेक'चं. त्यात करण्याबिरण्याचं काही नाही, 'जरा विश्रांती मिळाली तर बरं' एवढंच.

म्हणून वहीत अर्थ लिहू नका, प्रसंग लिहा: कोण, कुणाला, कशावरून म्हणालं. 'पाणी पाजलं' म्हणजे हरवलं, हे आपण तरी कुठे शब्दकोशात पाहून शिकलो? व्युत्पत्तीचा उपयोग कधीकधी होतो. 'बाय अँड लार्ज' हा शिडाच्या जहाजांवरचा शब्द आहे. वारा समोरून असो वा मागून, दोन्हीकडे नीट चालणारं जहाज, त्यावरून 'एकंदरीत'. हे कळल्यावर तो मी कधी विसरलो नाही. पण नेटवरच्या अशा कहाण्यांपैकी कितीतरी रचलेल्या असतात, तेव्हा त्यांच्या फार मागे लागू नका.

आणि अडलं तर विचारायला लाजू नका. इंग्रजी ज्यांची मातृभाषा, तेही अडकतात. 'टेबल' करणं म्हणजे ब्रिटनमध्ये विषय चर्चेला घेणं, अमेरिकेत तो बाजूला ठेवणं. दुसऱ्या महायुद्धात या एका शब्दावरून दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांत लांबलचक, कडवट वाद झाला आणि दोघांनाही तो विषय तातडीने चर्चेला हवा होता, असं चर्चिल यांनी आठवणींत लिहिलंय. मी सरळ विचारतो, 'डू यू मीन...' आणि मला लागलेला अर्थ सांगतो. चुकला असेल तर समोरचा दुरुस्त करतो, आणि तो प्रसंग वहीत जातो.