एक्झॉस्टच्या आधी ब्रेककडे बघ

वापरलेली स्पोर्ट्स कार घेतली आहेस ना, मग एक्झॉस्ट आणि स्पॉयलर जरा थांबू देत. पहिलं काम ब्रेक फ्लुइड बदलायचं. ते हवेतला ओलावा शोषत राहतं. डॉट ४ प्रकाराचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओलावा मुरला की तो १५५ पर्यंत उतरू शकतो. लांब उतारावर सतत ब्रेक दाबले की आत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल सरळ खाली जातं. म्हणून साधारण दर २ वर्षांनी ते बदलच. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात चुकूनही मिसळू नकोस.

टायरच्या कडेवरच्या निर्मिती-कोडचे शेवटचे चार आकडे वाच. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी जुनं रबर कडक होतं.

गाडी खाली बसवायला लोअरिंग स्प्रिंग लावशील तेव्हा कंट्रोल आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याच्या) रबरी बुशचे, म्हणजे सांध्यातल्या रबरी नळीचे, बोल्ट चाकं हवेत लटकत असताना पक्के आवळू नकोस. गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच आवळ, नाहीतर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. बरेच मेकॅनिक घाईत हे टाळतात, म्हणून शेजारी उभा राहून करून घे. नंतर व्हील अलाइनमेंट. चाकांचे नट टॉर्क रेंचनेच (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळ, आणि पन्नास-शंभर किलोमीटर चालवून पुन्हा तपास.

आणि हो, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नकोस, खाली स्टँड लावच.