परदेशात बाळंतपण केलं तर आम्हा नवरा-बायकोला तिथलं नागरिकत्व मिळेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही दोघं बडोद्याचे, चौदावा आठवडा चालू आहे, अलकापुरीतल्या एका एजंटानं "अमेरिका नाहीतर ब्राझील, बाळंतपण तिकडे करा, अख्ख्या कुटुंबाचे कागद होतील" असं पॅकेज दाखवलंय, आणि घरात सासूबाई सोडून सगळे तयार आहेत.

उत्तर द्यायचा माझा अधिकार एवढाच, की आमच्या रावपुऱ्यातल्या कपाटात दोन भारतीय पासपोर्टांशेजारी एक अमेरिकन पासपोर्ट आहे. नवऱ्याला कंपनीनं एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर न्यू जर्सीला पाठवलं होतं, मुलगी तिथं 2009 मध्ये झाली. तिला अमेरिकन करायला आम्ही गेलो नव्हतो. आम्ही तिथं होतो, म्हणून ती तिथं झाली. माझी आई दांडिया बाजारातून डिंकाचे लाडू, अळीव आणि बाळंतशोपा घेऊन आली आणि विमानतळावर त्या बाळंतशोपाचा खुलासा करताना तिची अर्धी बॅग टेबलावर आली, तो किस्सा पुन्हा कधी. चार वर्षांनी सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि आम्ही परतलो. येताना मुलगी अमेरिकन होती, आम्ही मात्र गेलो तेव्हा होतो तेच.

एजंट नेमकं हेच पुटपुटून सांगतात. नागरिकत्व मिळतं ते बाळाला. अमेरिकेच्या घटनेची चौदावी दुरुस्ती 1868 ची. तिच्या आधारे 1898 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं, चिनी आई-बापांच्या पोटी सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला वाँग किम आर्क अमेरिकन नागरिकच आहे, असा निकाल दिला. आई-बापांना मात्र बाळाच्या जन्मानं काहीच मिळत नाही. राहायचा हक्क नाही, कामाचा परवाना नाही, व्हिसाची मुदतवाढसुद्धा नाही. मूल 21 वर्षांचं झालं की ते आई-वडिलांच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज करू शकतं. तेव्हाही ते स्वतः अमेरिकेत राहत असायला हवं आणि तुम्हाला पोसण्याइतकं कमावत असल्याचं त्यानं लिहून द्यायला हवं. आमची मुलगी आता 16 ची आहे आणि स्वतःचा डबासुद्धा भरत नाही.

आता व्हिसाबद्दल. जानेवारी 2020 पासून अमेरिकेचा नियम स्पष्ट आहे: मुलाला नागरिकत्व मिळवून देण्यासाठी तिथं बाळंत व्हायचं, हाच प्रवासाचा मुख्य हेतू असेल तर टुरिस्ट व्हिसा द्यायचा नाही. गरोदर बाईनं अमेरिकेत जाणं गुन्हा नाही, पण हेतू विचारला आणि तुम्ही "नायगारा बघायला" म्हणालात, तर ते खोटं बोलणं झालं, आणि व्हिसासाठी खोटं बोलल्याचा शेरा एकदा बसला की अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं. गेल्या वर्षी माझ्या चुलत भावजयीबरोबर मी अशाच एका ऑफिसात गेले होते. तिथला माणूस म्हणाला, "बेन, चिंता ना करो, पोट दिसायच्या आत इंटरव्ह्यू उरकू." मी त्याला म्हटलं, पोट आत्ता दिसत नाही, पण हॉस्पिटलचं बिल आणि जन्मदाखल्यावरची तारीख पुढच्या व्हिसाच्या वेळी दिसेलच की. त्यावर त्यानं चहा मागवला.

शिवाय जमीनही आता पूर्वीइतकी घट्ट राहिलेली नाही. 20 जानेवारी 2025 ला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढला: आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि बाप नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला नसेल, तर बाळाला नागरिक मानायचं नाही. न्यायालयांनी तो अडवला आणि भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. आम्ही गेलो तेव्हा असा आदेश लागू असता, तर एच-वन-बीवरच्या आमच्या मुलीलाही नागरिकत्व मिळालं नसतं. त्यामुळे पैसे भरण्याआधी त्या दिवशीची कायद्याची स्थिती बघा, एजंटाच्या गुळगुळीत माहितीपत्रकातली नको.

खर्चाचं एकच सांगते. आमच्या वेळी कंपनीचा विमा होता, म्हणून आम्ही वाचलो. प्रवासाच्या विम्यात सरळ बाळंतपण सहसा बसत नाही आणि पॅकेजमधली रक्कम सगळं सुरळीत झालं तरची असते. सिझर झालं, बाळ लवकर आलं, काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, तर तो आकडा कुठे थांबेल हे कुणी लिहून देत नाही. लिहून मागा, मग बघा.

ब्राझीलचं वेगळं आहे आणि इथं एजंट पूर्ण खोटं बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तिथल्या 1988 च्या घटनेनुसार तिथं जन्मलेलं मूल ब्राझिलियन, आई-बाप परदेशी असले तरी. आणि अमेरिकेच्या उलट, ब्राझिलियन मुलाचे आई-वडील म्हणून तुम्हाला राहण्याचा परवाना मागता येतो. एरवी नागरिकत्वासाठी चार वर्षं राहावं लागतं, मूल ब्राझिलियन असेल तर एका वर्षावर येतं. सरकारी दवाखाने परदेशी माणसालाही फुकट बघतात. मेक्सिकोतही असंच आहे, तिथं मूल असेल तर नागरिकत्वाची मुदत पाचवरून दोन वर्षांवर येते.

पण त्या "एका वर्षा"चा अर्थ तिथं राहून काढलेलं वर्ष. साओ पाउलोत घर, पोर्तुगीज इतकी की नागरिकत्वाच्या अर्जाला पुरेल, पोटापाण्याचा धंदा, आणि कडेवर तान्हं बाळ. तुमचे अहो मकरपुऱ्याच्या कारखान्यातली नोकरी सोडून हे करणार आहेत का? नसतील, तर राहण्याचा परवाना कागदावर मिळेल आणि दोन वर्षं फिरकला नाहीत की जाईलही. राहिलात आणि नागरिक झालात, तर आपल्या नागरिकत्व कायद्यानुसार त्याच क्षणी तुमचं भारतीय नागरिकत्व संपलं. नंतर दिल्लीला काही कळवायचं राहिलं म्हणून ते टिकत नाही.

आणि पिवळ्या तापाबद्दल एजंट बोलला का? ब्राझीलहून भारतात परतणाऱ्याकडे त्या लसीचा दाखला लागतो, नाहीतर विमानतळावरून विलगीकरणात नेतात. ही जिवंत लस, गरोदर बाईला सहसा देत नाहीत, आणि अंगावर पिणारं बाळ अगदी लहान असेल तरी डॉक्टर हात आखडतात. वैद्यकीय सवलतीचं पत्र मिळतं, पण ते आधी हातात हवं. ब्राझीलमध्ये निम्म्याहून जास्त बाळंतपणं सिझेरियननं होतात, हेही ऐकून ठेवा. तुम्ही "नॉर्मलच" म्हणून बसला असाल, तर डॉक्टरशी कोणत्या भाषेत भांडणार?

अशी दारं फार दिवस उघडी राहत नाहीत. युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर रशियन बायका बाळंतपणासाठी अर्जेंटिनाला लोटल्या. फेब्रुवारी 2023 मध्ये ब्युनोस आयर्सला एकाच विमानातून 33 गरोदर बायका उतरल्याचं तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं होतं. तेव्हा तिथं मूल झालं की आई-बाप लगेच नागरिकत्व मागू शकत. मे 2025 मध्ये सरकारनं दोन वर्षं सलग राहायची अट घातली. आयर्लंडनं 2004 मध्ये जनमत घेऊन दार लावलं, ब्रिटननं 1983 पासून, ऑस्ट्रेलियानं 1986 पासून, न्यूझीलंडनं 2006 पासून. दांडिया बाजारात अजूनही "लंडनला झालं की पोरगं लंडनचं" असं ठामपणे सांगणारे काका भेटतात, त्यांना चाळीस वर्षांपूर्वीचं वर्तमानपत्र लागतं. आपल्या देशातही 1 जुलै 1987 पर्यंत नुसता जन्म पुरत होता, नंतर आई किंवा बाप भारतीय असण्याची अट आली. कॅनडा जन्मावर नागरिकत्व देतो, पण आई-बापांसाठी तिथंही मुलानं मोठं व्हायचं, कमवायचं आणि मग चिठ्ठीत नाव निघायची वाट बघायची.

समजा सगळं जमलं आणि तुम्ही बाळाला घेऊन बडोद्याला आलात. आता बोलायचा माझा खरा विषय हा.

पहिली गोष्ट, दोन्ही डगरींवर हात ठेवता येत नाही. बाळ जन्मल्यापासून वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करून ते भारतीय ठेवता येतं, पण दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं. परदेशी पासपोर्ट घेतला, तर ते मूल परदेशी. मग त्याच्यासाठी ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड काढायचं, म्हणजे भारतात कायम राहता येतं. त्या मुलाला मत नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशानं आली तर आली.

लहान मुलाचा अमेरिकन पासपोर्ट पाच वर्षांचा. नवा करायला मूल आणि दोन्ही पालक मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत हजर हवेत, नाहीतर न येणाऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र. बाळाचे तान्हेपणापासून आजपर्यंतचे फोटो न्यायचे, हे तेच मूल आहे हे दिसावं म्हणून. पहिल्या वेळी मी कमाटीबागेतले, गणपतीचे, नर्सरीचे असे फोटो वहीत डकवून तारखा घालून नेले. खिडकीतल्या बाईनं चारच बघितले आणि म्हणाली, "शी लुक्स लाइक युअर मदर." माझी आई ऐकून आठवडाभर खूश होती. नवा पासपोर्ट आला की तो ओसीआयच्या संकेतस्थळावर पुन्हा चढवायचा. वीस वर्षांचं होईपर्यंत दर वेळी हेच.

आणि 2020. मार्चमध्ये भारतानं दारं बंद केली, तेव्हा ओसीआयवाल्यांचा प्रवेशही थांबवला. माझी मावसबहीण तेव्हा टेक्सासमध्ये, नवऱ्याची नोकरी गेलेली, व्हिसा संपत आलेला. अडकलेल्या भारतीयांना परत आणायच्या सरकारी 'वंदे भारत' मोहिमेच्या विमानात दोघांना जागा मिळत होती, कारण ते भारतीय. चौदा महिन्यांच्या मुलाला नाही, कारण तो अमेरिकन. मे अखेरीस सरकारनं अशा मुलांना सूट दिली, पण ते मधले आठवडे तिनं कसे काढले हे तिनंच सांगावं. रात्री तीनला फोन यायचा आणि ती नुसती रडायची. ओसीआय कार्ड होतं त्याच्याकडे. ज्या कार्डाला आपण "आजीवन" म्हणतो, तेच.

शिक्षणाचं तर तुमच्या बाळाला आमच्यापेक्षा कडक. 4 मार्च 2021 च्या अधिसूचनेनंतर ओसीआय मुलांना नीट, जेईईसारख्या परीक्षांतून फक्त एनआरआय कोट्याच्या जागा मिळतात. फेब्रुवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ही अट त्या तारखेनंतर ओसीआय कार्ड मिळालेल्यांना लागू, म्हणून आमची अकरावी सायन्सवाली वाचली. तुमच्या बाळाचं कार्ड त्यानंतरचंच असणार. म्हणजे ते वाढणार बडोद्यात, शिकणार मराठी-गुजरातीत, आणि डॉक्टर व्हायचं म्हटलं की फी मोजणार एनआरआयची. अमेरिकेत शिकायला पाठवू म्हणाल, तर नागरिक म्हणून व्हिसा लागणार नाही, हा फायदा खरा आहे आणि तो मी नाकारत नाही. पण तिथंही मोठं झाल्यावर ते कुठेही राहून कमावू दे, मिळकतीचं विवरण अमेरिकेला भरावं लागतं.

मला विचाराल तर, तिकडे जाऊन राहायचंच असेल, तर तुम्ही दोघं स्वतःच्या शिक्षणावर, नोकरीवर जा. बाळ मागून येऊ दे. जाऊन राहायचं नसेल, तर त्या पैशात इथलं चांगलं हॉस्पिटल, महिनाभर तेल-मालिशवाली बाई आणि सासूबाईंचा शेक-शेगडी आरामात निघेल. एजंटाला आगाऊ रक्कम दिली असेल तर आजच पावती मागा, आणि पावतीवर कशाचे पैसे हे लिहून घ्या. "सल्ला" एवढंच लिहिलं असेल, तर ते परत मिळणं अवघड आहे.

उरलेलं विचारायचं असेल तर पुढच्या आठवड्यानंतर विचारा. मुलीचा पासपोर्ट संपतोय. ती सोळाची झाल्यामुळे या वेळी दहा वर्षांचा मिळतो आणि एक पालक असला तरी चालतं. तिचे बाबा तिला घेऊन रात्रीच्या गाडीनं मुंबईला जाताहेत. फोटोंची वही मी बॅगेत भरून ठेवली आहे.