नववीतली मुलगी "मला कळत नाही" म्हणते, ते बरोबरच आहे

ताई, मुलगी नववीत, ॲप्टिट्यूड टेस्टच्या रिपोर्टमध्ये पाच क्षेत्रं आलीत, ती म्हणते मला काहीच कळत नाही आणि घरचे म्हणतात सायन्स घेऊन ठेव, असं तुम्ही लिहिलंय. मी पुण्यात पेठेतल्या शाळेत बावीस वर्षं गणित शिकवतोय, नववीतल्या पोरीला कळणार तरी कसं हो, तिने काम बघितलंय कुठं? डॉक्टर, शिक्षक आणि आयटीवाले काका, संपलं.

टेस्ट करून घ्यावी, ज्ञान प्रबोधिनीत करतात तशी, पण त्यातून कल कळतो, त्या कामात रोज उठून काय करावं लागतं ते नाही कळत.

माझी भाची आर्किटेक्ट व्हायचंय म्हणायची, का तर चित्रं छान काढते. दहावीच्या सुट्टीत तिला कर्वे रोडला ओळखीच्यांच्या ऑफिसात आठ दिवस बसवलं. दोन दिवस नुसती वैतागली, तिथं चित्रं कोणी काढतच नव्हतं, एकजण एकाच जिन्याचं ड्रॉइंग चौथ्यांदा बदलत होता. तिसऱ्या दिवशी घरी आली ती टेप घेऊन आमच्याच बिल्डिंगचा जिना मोजायला बसली. सगळ्या पायऱ्या सात इंच आणि शेवटची साडेपाच, "आजी रोज इथंच अडखळते ना मामा!" त्या दिवशी मी बहिणीला सांगितलं, हिला जाऊ दे.

आता सायन्सचं. बारावी सायन्स करून कॉमर्स किंवा लॉकडे जाता येतं, उलटं जवळपास नाही, हे खरं. पण म्हणून नावडत्या फिजिक्समध्ये दोन वर्षं ढकलायची हे मला पटत नाही, अशी मुलं मी बघितलीत, हुशार असून पार मिटून जातात. मात्र गणित सोडताना दहादा विचार करा, इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, एनडीएतलं नेव्ही-एअरफोर्स, सगळीकडे ते लागतं. सीएची फाउंडेशन परीक्षा कुठल्याही साइडने देता येते, पाच वर्षांच्या लॉची सीईटीपण. आणि हाताने काम करायला आवडत असेल तर इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला नाकं मुरडू नका, दहावीनंतर तीन वर्षं, शिवाजीनगरला गव्हर्नमेंट पॉलिटेक्निक आहे, पुढे डिग्रीला डायरेक्ट सेकंड इयरला जाता येतं.

मेच्या सुट्टीत ओळखीतली तीन वेगवेगळ्या कामांची माणसं शोधा, भोसरीचं वर्कशॉप, पॅथॉलॉजी लॅब, वकिलाचं ऑफिस, काहीही चालेल, पण तुम्ही सोबत बसू नका, तिला एकटीला पाठवा. तिने त्यांना पगार विचारायचा नाही, "काल सकाळपासून काय काय केलंत" एवढंच विचारायचं आणि वहीत लिहायचं. घरी आल्यावर वही लगेच मागू नका. जेवताना ती आपणहून कशाबद्दल बोलते तेवढं ऐका आणि ते मला कळवा, मग अकरावीच्या विषयांचं आपण नीट बसून बघू.