विट्यासारख्या गावात टॅरंट्युला पाळायला सुरुवात कशी करावी?

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. इन्स्टाग्रामवर एकजण 'मेक्सिकन रेड नी' या टॅरंट्युलाचं, म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्याचं, पिल्लू कुरिअरनं पाठवतो म्हणतोय, ते घ्यावं का? ते नाही जमलं तर चांदोलीकडून एखादा पकडून आणला तर चालेल का? आणि आईला कसं पटवायचं? मी कराडचा. कोळ्यांचा नाद जुना आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

चांदोलीचं आधी. नाही चालणार. ते राष्ट्रीय उद्यान आहे, तिथला कुठलाच जीव उचलता येत नाही. शिवाय सह्याद्रीतला झाडाच्या ढोलीत राहणारा टॅरंट्युला म्हणजे पोसिलोथेरिया, हा सगळा वंशच २०१९ पासून साईट्स कराराच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार) परिशिष्ट २ मध्ये आहे. कायदा बाजूला ठेवला तरी नवख्या माणसानं त्याच्या वाटेला जाऊ नये. अमेरिका खंडातले बरेच टॅरंट्युला चिडले की मागच्या पायांनी पोटावरचे खाजरे केस उडवतात. आपल्याकडच्या कोळ्यांना ते केसच नसतात, त्यामुळे त्यांच्याकडे पळणं आणि चावणं एवढंच उरतं. पळतो असा की झाकण उघडेपर्यंत तो तुमच्या कोपरावर. पोसिलोथेरिया चावला तर स्नायूंत गोळे येतात आणि ते दुखणं काही दिवस पुरतं.

आता तो इन्स्टावाला. रेड नी ज्या ब्रॅकिपेल्मा वंशातला, तोही परिशिष्ट २ मध्येच आहे. वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तिच्यामुळे साईट्सच्या यादीतले परदेशी प्राणी अनुसूची ४ मध्ये आले. असा प्राणी जवळ असेल तर सरकारच्या परिवेश या ऑनलाइन पोर्टलवरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंद करावी लागते. तो दुसऱ्याला दिला किंवा मेला तरी कळवावं लागतं. तेव्हा विक्रेत्याला एकच विचारा: आयातीचे किंवा नोंदणीचे कागद आहेत का? "भाऊ, एवढ्याशा किड्याला कसले कागद" असं उत्तर आलं की विषय संपला. २०२१ मध्ये चेन्नईच्या कस्टम्सनं पोलंडहून आलेलं एक टपाल उघडलं, तर छोट्या छोट्या कुप्यांत १०७ जिवंत कोळी निघाले होते. आणि तुमच्याच सांगली जिल्ह्यातलं बत्तीस शिराळा घ्या. नागपंचमीची जिवंत नागांची मिरवणूक कायद्यानं आणि कोर्टाच्या आदेशानं थांबली. अख्ख्या गावाच्या श्रद्धेला वर्षानुवर्षं सूट मिळाली नाही, तिथं तुमच्या पार्सलला कोण देणार?

समजा कागद असलेला रेड नी मिळालाच, तर सांभाळायला तो म्हशीपेक्षा नक्कीच सोपा. खर्च कमी, जागा कमी, आवाज नाही. डबा उंच नको. माती ते झाकण हे अंतर कोळ्याच्या पसरलेल्या पायांच्या दीडपटीपेक्षा जास्त ठेवू नका, कारण जमिनीवर राहणारा कोळी उंचावरून पडला की पोट फुटून मरतो. हातावर घेऊन फोटो काढू नका म्हणतात तेही याचसाठी. त्याला लाड कळत नाहीत. खाली नर्सरीत मिळणारं कोकोपीट चार बोटं, लपायला नारळाची अर्धी करवंटी, पाण्याची उथळ वाटी आणि बाजूनं हवेची भोकं. परदेशी व्हिडिओत दाखवतात ती गरम करायची मॅट विट्यात घेऊ नका, एप्रिल-मेमध्ये तुमची धडपड उलटी असेल. घरातली सगळ्यात गार खोली त्याला द्या.

खायला मोठ्या कोळ्याला आठवड्याला एखादा रातकिडा किंवा झुरळ पुरतं. पण द्राक्षबागेच्या किंवा उसाच्या बांधावरचा नाकतोडा चुकूनही घालू नका. तासगाव-विटा पट्ट्यात फवारणी किती चालते ते तुम्हाला मी सांगायला नको. त्या किड्याच्या अंगावरचं औषध कोळ्याला पुरेसं असतं. डबा असेल त्या खोलीत मच्छर अगरबत्तीही नको.

खरी परीक्षा कात टाकायच्या वेळी. आधी तो खाणं सोडतो, कधी काही आठवडे, मोठा असेल तर काही महिनेसुद्धा. पोट काळपट होतं. मग एक दिवस तो पाठीवर, आठही पाय वर करून पडलेला दिसतो, आणि घरचे म्हणतात मेला, टाका उकिरड्यावर. तो मेलेला नसतो. पाठीवर पडलाय म्हणजे कात टाकतोय. डब्याला हात लावू नका, पाणी शिंपडू नका, फुंकर घालू नका. आत जिवंत रातकिडा राहिला असेल तर मऊ पडलेल्या कोळ्याला तोच कुरतडतो, म्हणून खाणं सोडलं की किडे आधीच काढून घ्या. काळजी करायची ती तो पोटावर बसलेला असून पाय मुठीसारखे आत वळले असतील तेव्हा. बहुतेकदा पाणी कमी पडलेलं असतं. कात टाकल्यावर नांग्या, म्हणजे चावायचे दात, आधी पांढरे असतात, मग लालसर, मग काळे. काळे होईपर्यंत खायला देऊ नका. गळालेली कात जपून ठेवा, तिच्या आतल्या बाजूवरून नर-मादी कळतं. मादी निघाली तर वीस वर्षांहून जास्त जगते. बारावीत आणलेली मादी तुमच्या लग्नातही असेल, नोकरीला पुण्याला गेलात तर ती कोणाच्या गळ्यात पडणार ते आत्ताच ठरवा.

मला विचाराल तर सुरुवात भिंतीवरच्या उड्या मारणाऱ्या कोळ्यापासून करा. फुकट आहे आणि त्याला कागद लागत नाहीत. ट्यूबलाइटजवळ माश्या टिपत बसतो तोच, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा नर सहज ओळखू येतो. याच कुळातल्या एका जातीला २०२१ मध्ये 'आयसियस तुकारामी' हे नाव मिळालं, २६/११ ला कसाबला धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळेंवरून. ओंबळे साताऱ्याचेच, जावळीतल्या केडंब्याचे. या कोळ्याला समोर दोन मोठे डोळे असतात. डब्यासमोर बोट हलवा, तो पूर्ण वळून तुमच्याकडे बघतो. टॅरंट्युला असं काही करत नाही, खरं सांगायचं तर तो दिवसचे दिवस हलतही नाही.

विंचवाच्या नादी मात्र घरात लागू नका. काळी मोठी इंगळी दिसायला भयंकर, पण जीव घेतो तो छोटा लाल विंचू. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्याच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला, त्याआधी कोकणात त्यानं कितीतरी माणसं गेली. बघायची हौस असेल तर रात्री बूट घालून, अतिनील टॉर्च घेऊन माळावर जा. विंचू हिरवा चमकतो, लांबूनच दिसतो. बघायचं आणि यायचं.

आईचं म्हणाल तर "कोळी मुतला की अंगावर फोड येतात" हे त्या म्हणणारच. कोळ्यानं तसं होत नाही, ते फोड बऱ्याचदा दुसऱ्याच एका किड्याचे किंवा नागीण या आजाराचे असतात. वाद घालू नका. उड्या मारणारा कोळी काचेच्या बरणीत ठेवा, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधा, कडेला रोज पाण्याचे दोन-तीन थेंब, दोन दिवसांआड एक माशी. कोळी घर वरच्या टोकाला विणतो, त्यामुळे बरणी उलटी ठेवून तोंड खाली घ्या, नाहीतर दरवेळी उघडताना त्याचं जाळं फाटेल. आणि बरणी उन्हाच्या खिडकीत नको, काच तापते.