मिशन ट्रिपवर गेल्यावर गरीब घरचा पाहुणचार घ्यावा का?

तुमचा प्रश्न असा आहे: मंडळीतर्फे पुढच्या वर्षी आफ्रिकेत सेवेला जाताय. आधी जाऊन आलेले सांगतात की तिथले लोक स्वतः अर्धपोटी राहून पाहुण्याला वाढतात. मग मदतीला जाऊन त्यांच्याच ताटातलं खायचं, की हात जोडून नाही म्हणायचं?

खा. मीही आधी नाही म्हणायचं ठरवूनच गेले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

मी नगरची, पेशाने परिचारिका. इथिओपियाच्या दक्षिणेला वोलायता भाग आहे, अदिस अबाबापासून तीनशेहून जास्त किलोमीटर. तिथल्या सोद्दो शहराजवळच्या एका खेड्यात मी तीन आठवडे होते. स्थानिक सिस्टरांच्या हाताखाली मुलांची वजनं घ्यायची, जखमा बांधायच्या, दंडाचा घेर मोजायचा, एवढंच काम. घेर मोजायला रंगीत पट्टी असते. हिरव्यात आलं तर मूल ठीक, पिवळ्यात आलं तर काळजी, लाल म्हणजे कुपोषण गंभीर.

तिथे कुणी जेवत असेल आणि तुम्ही शेजारून गेलात, तर हाक येते, ‘एन्ब्ला!’ म्हणजे चला, जेवूया. आपल्याकडे ओटीवरून ‘या जेवायला’ म्हणतात, अगदी तसंच. पहिल्या दिवशी ते ऐकून मला आजीची आठवण आली. पाळकसाहेब किंवा बायबलबाई खेड्यात यायच्या असल्या की ती आठवडाभर अंडी विकायची नाही, साठवून ठेवायची. घरात आम्हा नातवंडांनाही मिळायची नाहीत. आजीची ती अंडी कुणी ‘नको, तुम्हालाच राहू द्या’ म्हणून परत केली असती, तर तिला काय वाटलं असतं?

तिसऱ्या दिवशी एका बाईंनी घरी बोलावलं. आमचे दुभाषे त्या दिवशी नव्हते. बाईंचा मुलगा कॉलेजात जायचा, त्याने मोडक्या इंग्रजीत सांगितलं, ‘उद्या तीन वाजता.’ आम्ही चौघं दुपारी तीनला पोचलो. इथिओपियात दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, त्यांचे तीन म्हणजे आपले सकाळचे नऊ, हे मला ठाऊकच नव्हतं. त्या घराने आमची सहा तास वाट पाहिली होती. कोंबडीचा रस्सा पहाटेच शिजवून ठेवलेला, आणि पाहुणे जेवल्याशिवाय घरात कुणी तोंडात घास घातलेला नव्हता. चूक आमची, तरी रागाचा एक शब्द नाही. मोठा मुलगा पाण्याचा जग घेऊन आला आणि एकेकाच्या हातावर पाणी घातलं.

परातीएवढी इंजेरा, आपल्या आंबोळीसारखी आंबूस, टेफ नावाच्या बारीक धान्याची. सगळ्यांनी एकाच ताटातून खायचं. सोबत कोचो. केळीसारखं दिसणारं एनसेत नावाचं झाड असतं, पण त्याचं फळ खात नाहीत. खोड आणि कंद किसून, जमिनीत पुरून आंबवतात आणि त्याची भाकर करतात. झाड तयार व्हायला चार-पाच वर्षं लागतात आणि एकदाच तोडता येतं.

मग त्या बाईंनी घास केला, त्यात रश्शातलं अख्खं अंडं घातलं आणि माझ्या तोंडाशी आणला. याला गुर्शा म्हणतात, पाहुण्याला स्वतःच्या हाताने भरवायचं. समोर दाराशी त्यांची धाकटी मुलगी उभी होती. आदल्याच दिवशी मी तिचा दंड मोजला होता. पट्टी पिवळ्यात आली होती.

तो घास माझ्या घशाखाली उतरेना. पण त्या बाई हात पुढे करून थांबल्या होत्या, आणि त्या चेहऱ्यापुढे नाही म्हणणं शक्यच नव्हतं. लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभू शिष्यांना थैली-झोळी न घेता पाठवतो आणि पुढे वाढतील ते खा म्हणतो. ते मी लहानपणापासून ऐकलंय. थैली का नको, ते मला त्या घरात कळलं. रिकाम्या हाताने आलेल्या माणसालाच कुणी काही देऊ शकतं.

तुम्ही जाल तिथला इतिहासही जरूर वाचा. वोलायतात परदेशी मिशनरी 1928 मध्ये आले आणि 1937 मध्ये इटालियनांच्या ताब्यामुळे त्यांना जावं लागलं. तेव्हा बाप्तिस्मा घेतलेले होते अवघे 48. ते 1940 च्या दशकात परतले, तर विश्वासणारे दहा हजारांच्या घरात. हे केलं गावोगाव पायी हिंडणाऱ्या स्थानिक माणसांनी, आणि त्यांना रात्री दार उघडणाऱ्या अशाच घरांनी. आपण जातो ते त्या दाराशी.

नाही मी एकदाच म्हटलं. एका घरी कच्चं गोमांस समोर आलं, हिरव्या मिरचीच्या झणझणीत वाटणासोबत. तो तिथला मोठा मान असतो. पण त्यातून टेपवर्म होतो. मी दुभाष्यामार्फत सरळ सांगितलं की माझ्या पोटाला सोसणार नाही. बाईंनी लगेच ते तव्यावर परतून आणलं, कुणाला वाईट वाटलं नाही. पिण्याचं पाणी स्वतःचं ठेवा. ताटाशेजारी पैसे मात्र ठेवू नका, पाहुणचाराची किंमत केल्यासारखं होतं. साखर, साबण, कच्ची कॉफी न्या, आणि पाळकांना विचारून न्या.

आणि घाईने उठू नका. कॉफीचे दाणे तुमच्यासमोर भाजतात, त्याचा धूर तुमच्यापुढे आणतात, मग कुटतात, जेबेना नावाच्या मातीच्या भांड्यात उकळतात. तीन फेऱ्या असतात: अबोल, तोना, बरका. बरका म्हणजे आशीर्वाद. पहिल्याच कपानंतर उठलात तर तो चुकतो.

गुर्शा भरवणाऱ्या त्या बाईंच्या घरी, तिसऱ्या फेरीच्या आधी दुभाषे आले. मी त्यांना हळूच विचारलं, पाहुण्याने उलट गुर्शा दिला तर चालतो का? ते हसून म्हणाले, द्यायलाच हवा. माझ्या बाजूला एक अंडं अजून होतं. त्या मुलीला जवळ बोलावलं, इंजेराच्या तुकड्यात ते गुंडाळलं आणि तिला भरवलं. तिचे दोन्ही गाल फुगले. आई हसली आणि म्हणाली, एकाने भागत नाही, दुसरा घास द्या.